पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. ही म्हण ज्याने केली त्याने किती पाळणे पाहिले होते कोण जाणे! पण एक मात्र खरं, की पाळण्यातले पाय पाहून भविष्य सांगण्याची हौस आपल्याकडे प्रत्येकाला आहे आणि ती जितकी क्रिकेटमध्ये फिटते तितकी दुसरीकडे कुठेच फिटत नाही. ओहोटी लागली की आमच्या धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर टेनिस बॉलचे सामने रंगतात. चौदा वर्षांच्या पोराने दोन चेंडू सरळ समुद्रात भिरकावले की जाळी दुरुस्त करत बसलेले म्हातारेसुद्धा मान वर करून निकाल देतात, "हा पोरगा नाव काढणार बघ!" तिसऱ्या चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला की तेच म्हातारे म्हणतात, "छे, यात दम नाही." दोन निकालांमध्ये अंतर एका चेंडूचं!

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून आज लिहायला बसलो. आपल्या महाराष्ट्रात नव्या खेळाडूला जोखण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांचा तरी आहे. तो नीट पाहिला तर खेळाडूंबद्दल थोडं आणि आपल्याबद्दल, म्हणजे बघ्यांबद्दल, बरंच काही कळतं.

सुरुवात पालवणकर बाळूंपासून करायला हवी. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात मैदान राखायच्या कामाला होता. तिथल्या कॅप्टन ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी गोलंदाजी करता करता त्याचा डावखुरा फिरकी हात तयार झाला. नेटमध्ये रोज ग्रेगला चकवणारा गोलंदाज हिंदूंच्या संघात घ्यावा की नाही, यावर पुण्यात खल झाला. त्याच्या चेंडूच्या वळणाबद्दल कुणाला शंका नव्हती, प्रश्न फक्त त्याच्या जातीचा होता. शेवटी युरोपियनांना हरवायचं तर हा गोलंदाज हवाच, म्हणून त्यांना घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा वेगळ्या भांड्यात, वेगळ्या जागी! पुढे १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना मुंबईत हरवलं त्यात बाळूंचा मोठा वाटा होता, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना मिळालं नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साली मिळालं.

ही गोष्ट आधी सांगण्याचं कारण असं, की "आम्ही फक्त खेळ बघतो" असं म्हणणारा बघ्या खरं म्हणजे खेळाबरोबर आणखी बरंच काही बघत असतो. नवा खेळाडू समोर येण्याआधीच आपल्या डोक्यात खेळाडू कसा असावा याचं एक चित्र तयार असतं. त्या चित्रात जो बसतो तो आपल्याला पटकन दिसतो आणि जो बसत नाही त्याला शंभर बळी घेऊन आधी डोळे उघडायला लावावे लागतात.

दुसरी गोष्ट आकड्यांची. आपल्याला आकडा फार आवडतो. मुंबईत शाळांच्या हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या स्पर्धा शतकाहून अधिक काळ चालू आहेत आणि त्यातला मोठा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. लोकलमध्ये तो आकडा वाचून अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागतात. पण आकडा काय सांगतो?

भाऊसाहेब निंबाळकरांचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३! ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम होता नाबाद ४५२ आणि तो फक्त ९ धावांवर होता. पण काठियावाडच्या कर्णधाराला, राजकोटच्या ठाकूरसाहेबांना, आपल्या संघाचं नाव असल्या विक्रमासाठी पुस्तकात जायला नको होतं. त्यांनी पुढे खेळायला नकार दिला आणि संघ घेऊन निघून गेले. निंबाळकरांचे ४४३ आजही रणजीतले सर्वोच्च आहेत. आणि हा माणूस एकही कसोटी खेळला नाही! २०१२ साली ते गेले तेव्हा अनेक तरुणांना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं. म्हणजे इतका मोठा आकडासुद्धा माणसाला दारापर्यंतच पोचवतो, दार आतून कुणीतरी उघडावं लागतं.

आता सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रमचे दोन विद्यार्थी, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६ आणि विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. आचरेकर सरांचा डाव घोषित करण्याचा निरोप घेऊन सहायक सीमारेषेवरून हाका मारत होते आणि ही दोन पोरं तिकडे बघतच नव्हती, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की आपणच तिथे होतो असं वाटावं. शिवाय कांबळीने त्याच सामन्यात ६ बळीही घेतले. त्या दिवशी आझाद मैदानावर कुणी विचारलं असतं, या दोघांत पुढे कोण जाणार, तर पैज मारणाऱ्यांनी कुणावर पैसे लावले असते? निदान निम्म्यांनी तरी कांबळीवर, असं मला वाटतं. आकडा त्याचा मोठा होता.

आणि कांबळी कमी पडला असंही नाही! १९९३ साली इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर २२४, लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७. पहिल्या १४ डावांत हजार धावा. १७ कसोटींत १०८४ धावा, सरासरी ५४.२०. सचिनची कारकिर्दीअखेरची सरासरी ५३.७८ आहे हे लक्षात घ्या. पण कांबळीची शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५ मध्ये झाली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. उसळत्या चेंडूपुढे तो चाचपडतो, असा एक शिक्का १९९४-९५ च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेपासून बसला. तो निघाला नाही.

या गोष्टीत तिसरा मुलगा आहे आणि मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. ६६४ ची भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून होता. त्याचं नाव अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही! सहा वर्षांनी, १९९३-९४ च्या मोसमात, त्याने रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध फरीदाबादला २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक उच्चांक. मुंबईत लोक म्हणू लागले, "दुसरा सचिन आला." पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं, २००६-०७ साली कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक. भारताकडून सामने किती? शून्य. कारण मधल्या फळीत द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण असे चौघे ठाण मांडून बसलेले. रांगेत आपल्या पुढे कोण उभं आहे यावरही माणसाचं नशीब ठरतं, हे कुठल्याच धावफलकावर लिहिलेलं नसतं.

आकड्याचा खेळ कसा फसवा असतो, याचं अलीकडचं उदाहरण कल्याणचं आहे. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने के. सी. गांधी शाळेकडून भंडारी कप स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या. चेंडू ३२७. ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्रज मुलाचा १८९९ सालचा ६२८ धावांचा विक्रम त्याने मोडला. जगभर बातमी झाली. शाबासक्या आल्या, शिष्यवृत्ती जाहीर झाली. समोरचा संघ त्याच्याहून बऱ्याच लहान मुलांचा होता आणि दोन डावांत ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता, सीमारेषाही जवळ होती, हे त्या गडबडीत फार कुणी लक्षात घेतलं नाही. पुढच्याच वर्षी अपेक्षांचं ओझं आणि त्यामानाने न झालेल्या धावा यांमुळे घरच्यांनी शिष्यवृत्ती परत केली. अहो, हजार धावा काढणं त्या पोराच्या हातात होतं. त्या हजारांवरून आपण जो मनोरा रचला, तो सांभाळणं त्याच्या हातात कसं असेल? गंमत म्हणजे ज्याचा विक्रम त्याने मोडला तो कॉलिन्सही पुढे एकही प्रथम श्रेणी सामना खेळला नाही. तो सैन्यात गेला आणि १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला.

आता आपल्या घराजवळ येऊ. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातून निघून आपला पालघर जिल्हा झाला. याच जिल्ह्यात, याच पश्चिम रेल्वेच्या रुळाला लागून, दोन मुलं वाढली, एक विरारला, एक पालघरला. दोघंही कसोटी खेळले. आणि दोघांना आपण कसं जोखलं, यात या लेखाचं सगळं सार आहे.

विरारचा पृथ्वी शॉ. चार वर्षांचा असताना आई गेली. वडील त्याची किट घेऊन विरारहून वांद्र्याला जात येत. विरार लोकलच्या गर्दीत आपली बॅगसुद्धा आपल्याला सांभाळता येत नाही, तिथे हे बापलेक वर्षानुवर्षं ती किट सांभाळत प्रवास करत होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये रिझवी स्प्रिंगफिल्डकडून हॅरिस शील्डमध्ये त्याने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. याआधी भारतातला असा सर्वोच्च आकडा होता दादी हवेवाला यांच्या ५१५ धावांचा, १९३३-३४ सालचा. आणि ते कुणाकडून खेळत होते? बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडून, म्हणजे आपल्या दारावरून जाणाऱ्या याच रेल्वेच्या पूर्वजाकडून!

पण तारीख बघा. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सचिनने निरोपाचं भाषण केलं, अख्खा देश रडला आणि चारच दिवसांत, त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, आझाद मैदानावर, एका बुटक्या मुंबईकर मुलाने ५४६ केल्या. लोकांना काय वाटलं असेल सांगायला नको. गादी रिकामी झाली होती आणि वारस मिळाला होता. तो मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता, हे कुणाच्या ध्यानात राहणार!

पुढची चार-पाच वर्षं त्याने लोकांचं म्हणणं खरं करून दाखवलं. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडकाच्या पदार्पणात शतक, २०१८ च्या फेब्रुवारीत कर्णधार म्हणून एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक, ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. कसोटी पदार्पणात शतक करणारा तो सर्वांत लहान भारतीय. त्या मालिकेचा मानकरीही तोच.

त्याच मालिकेतल्या दुसऱ्या कसोटीत, हैदराबादला, पालघरचा शार्दूल ठाकूर पदार्पण करत होता. म्हणजे आपल्या जिल्ह्यातले दोघे एकाच वेळी भारताच्या संघात! शार्दूलने दहा चेंडू टाकले, मांडीच्या सांध्याजवळ दुखापत झाली आणि तो मैदानाबाहेर गेला. संपला सामना. एकीकडे १३४, एकीकडे दहा चेंडू. त्या दिवशी निकाल द्यायला कुणाला एक क्षणही लागला नसता.

शार्दूलला जोखणं आपण त्याआधीच सुरू केलं होतं. तो बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना दिनेश लाड सरांच्या नजरेत भरला. रोहित शर्माचेही गुरू तेच. पालघरहून रोज बोरिवलीला येणं या मुलाला झेपणार नाही म्हणून लाड सरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. बोरिवलीच्या शाळेकडून खेळताना २००६ साली त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली ती २०१३ साली. त्याआधी आपल्याकडच्या मुलाला मुंबईच्या मैदानावर पोचायचं म्हणजे पहाटेची गाडी किंवा शटल पकडायची, खांद्यावर किट, पालघर ते चर्चगेट नव्वदच्या आसपास किलोमीटर. दादरचा मुलगा सामन्याला ताजातवाना येतो तेव्हा आपला मुलगा तीन तासांचा प्रवास करून आलेला असतो. हे अंतर धावफलकावर दिसत नाही आणि बघ्यालाही दिसत नाही.

२०१२ च्या नोव्हेंबरात जयपूरला त्याचं रणजी पदार्पण झालं. पहिल्या चार सामन्यांत चार बळी. सरासरी ८२! वजन जास्त, पळतो जड, असे शेरे. अशा मुलाला एखाद्या संघाने सोडून दिलं असतं तर कुणी हळहळलं नसतं. मुंबईने सोडलं नाही. २०१४-१५ च्या मोसमात त्याने १० सामन्यांत ४८ बळी घेतले. २०१५-१६ च्या रणजी अंतिम सामन्यात सौराष्ट्राच्या दुसऱ्या डावात २६ धावांत ५ बळी घेऊन त्याने करंडक मिळवून दिला.

मग ऑगस्ट २०१७, कोलंबो, पहिला एकदिवसीय सामना. अंगात १० क्रमांकाचा शर्ट. झालं! हा आकडा सचिनचा, तो घालायची याची लायकी काय, म्हणून लोक तुटून पडले. त्याने कशी गोलंदाजी केली याच्यापेक्षा पाठीवर काय आहे याचीच चर्चा जास्त. शेवटी त्याने क्रमांक बदलून ५४ घेतला. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेहून परत आल्यावर हा गडी अंधेरीला लोकल पकडून घरी पालघरला निघाला, तेव्हा डब्यातली मुलं मोबाइलवर त्याचा फोटो काढून ताडून बघत होती, हा खरंच तोच का! म्हणजे ज्यांनी त्याच्या शर्टाबद्दल मत बनवलं होतं, त्यांना त्याचा चेहराही माहीत नव्हता.

आता २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा आठवा. डिसेंबर २०२०, ॲडलेड. पृथ्वी शॉ ० आणि ४. दुसऱ्या डावात अख्खा संघ ३६ वर गारद. बॅट आणि पॅडमधली फट दाखवणारी चित्रं घरोघर फिरली. ज्यांनी त्याला दोन वर्षांपूर्वी सचिन आणि सेहवाग एकत्र म्हटलं होतं, तेच आता तंत्राचे मास्तर झाले. पृथ्वीची ती पाचवी कसोटी. अजून तरी शेवटचीच. पाच कसोटींत ३३९ धावा, सरासरी बेचाळीसच्या वर.

त्याच दौऱ्यात चार आठवड्यांनी, ब्रिस्बेनला, निम्मा संघ जायबंदी झाला म्हणून शार्दूलला दुसरी कसोटी मिळाली. दहा चेंडूंच्या पहिल्या कसोटीनंतर तब्बल सव्वादोन वर्षांनी! भारत ६ बाद १८६ असताना तो आला, पॅट कमिन्सला हुकचा षटकार मारून त्याने खातं उघडलं. वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी, स्वतः ६७, डावातला सर्वोच्च. सामन्यात बळी ७. जिथे १९८८ पासून ऑस्ट्रेलिया हरला नव्हता तिथे भारत जिंकला. त्याच वर्षी ओव्हलला ५७ आणि ६०, पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी. "लॉर्ड शार्दूल" हे नाव लोकांनी चेष्टेत पाडलं होतं, ते बघता बघता कौतुकाचं झालं.

हे वाचून कुणी म्हणेल, "म्हणजे सर, पृथ्वी फुकट गेला आणि शार्दूल तरला, असंच ना?" नाही हो! पुन्हा तेच. हाही घाईचाच निकाल झाला. ॲडलेडनंतर लगेच २०२०-२१ च्या विजय हजारे स्पर्धेत पृथ्वीने ८२७ धावा केल्या. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९, रणजीत निंबाळकरांच्या ४४३ नंतरची सर्वांत मोठी खेळी. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या संघातून वगळला गेला, नोव्हेंबरात आयपीएलच्या लिलावात कुणी घेतला नाही. २०२५ साली तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला आणि ऑक्टोबरात चंदीगडविरुद्ध २२२ केल्या. त्याच्या तंदुरुस्तीबद्दल आणि शिस्तीबद्दल बरंच छापून आलं आहे, त्यात तथ्य नसेल असं मी म्हणत नाही. पण ज्याला चौदाव्या वर्षी वारस म्हणून गादीवर बसवलं आणि एकविसाव्या वर्षी उतरवलं, त्याला शिस्त शिकायला मधली वर्षं मिळाली कुठे?

ही खोड फक्त आपली नाही. अमेरिकेत त्यांचा एक वेगळाच फुटबॉल आहे, हातात चेंडू घेऊन पळायचा. त्यात दूर धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा गडी असतो, त्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. दर वर्षी कॉलेजांतली नवी मुलं निवडली जातात आणि पहिल्याच मोसमात प्रेक्षक त्यांचा निकाल लावून मोकळे होतात. जेरी राइस नावाचा मिसिसिपीच्या एका लहान कॉलेजातला मुलगा १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात आला. वडील गवंडी, त्यांच्या हाताखाली विटा झेलून याचे हात तयार झालेले. पण पहिल्या मोसमात त्याच्या हातून इतके चेंडू सुटले की घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर २२,८९५ यार्ड होते आणि त्याच्याजवळपासही कुणी नव्हतं. विटा झेलणाऱ्या हातांना चेंडू झेलता येत नाही, असा निकाल ज्यांनी दिला त्यांना त्याबद्दल काही भरावं लागलं नाही. प्रेक्षकाचा निकाल त्याला स्वतःला फुकट पडतो, किंमत मोजतो तो खेळाडू.

आम्ही मास्तर लोकही आयुष्यभर हेच काम करत आलो, मुलांवर शेरे लिहायचं. पण प्रगतिपुस्तकात एक सोय होती. पहिल्या सहामाहीचा शेरा दुसऱ्या सहामाहीला बदलता येत असे. "अभ्यासात मागे" असा मुलगा वार्षिकला "समाधानकारक सुधारणा" घेऊन जाई आणि घरचे त्याच पानावर सही करत. मैदानावरच्या गर्दीचं प्रगतिपुस्तक निराळं आहे. तिथला पहिला शेरा पक्क्या शाईत असतो.

हे सगळं आत्ता डोक्यात येण्याचं कारण आहे. माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतःची बोट आहे, मध्यंतरी भेटायला आला. त्याचा मुलगा नववीत आहे, चांगली वेगवान गोलंदाजी टाकतो. गावातले आणि चिंचणी-वरोरकडचे लोक त्याला "दुसरा शार्दूल" म्हणू लागलेत. वडिलांचा विचार, मुलाला मुंबईत कुणाकडे तरी ठेवावं, दहावीचं पुढे बघता येईल. त्यासाठी थोडं कर्ज काढायचीही तयारी. म्हणाला, "सर, तुम्ही सांगा, जमेल ना पोराला?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, आणि गावात कुणालाच माहीत नाही. तू मला एक सांग, तुझ्या बोटीवर नवा खलाशी आला तर तो पुढे तांडेल होईल की नाही, हे तू कधी सांगतोस?"

तो हसला. म्हणाला, "काय सर, एका फेरीत कसं कळणार? वारा फिरल्यावर कसा वागतो, जाळं रिकामं आलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे येतो का, हे बघावं लागतं. दोन-तीन मोसम तरी जाऊ द्यावे लागतात."

"मग पोराला निदान खलाशाएवढी तरी मुदत दे," मी म्हटलं. दहावी इथेच होऊ दे, तोवर शनिवार-रविवारी लोकलने सरावाला जाऊ दे, आणि मुख्य म्हणजे त्याला घरात तरी त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा. शार्दूलला कुणी दुसरा अमुक म्हटलं नव्हतं, म्हणूनच कदाचित सरासरी ८२ असतानाही त्याला मान खाली घालून काम करत राहता आलं. त्याला पटलं का ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, पण कर्जाचा कागद अजून बँकेत गेलेला नाही एवढं कानावर आलंय.

खलाशाला आपण वेळ देतो कारण त्याच्या चुकीने आपली बोट बुडू शकते. तिथे आपलं काहीतरी पणाला लागलेलं असतं म्हणून आपण जपून बोलतो. खेळाडूच्या बाबतीत आपलं काहीच पणाला नसतं, म्हणून आपण एका चेंडूत निकाल देतो. हे एवढं जरी ओळखलं तरी पुष्कळ झालं. बघू नका, बोलू नका असं मी म्हणत नाही. टाळी वाजवण्यात आणि हळहळण्यात क्रिकेटची निम्मी मजा आहे, ती सोडली तर मग उरलं काय! आजच्या चेंडूला टाळी द्यावी, उद्याच्या माणसाबद्दल मात्र थोडं थांबावं.

थांबण्याचं फळ कधीकधी भलत्याच झाडाला लागतं, हेही सांगायला हवं. १९८८ साली पॅड बांधून बसून राहिलेला तो तिसरा मुलगा, अमोल मुझुमदार. "दुसरा सचिन" काही तो झाला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याला भारतीय महिला संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा सीमारेषेबाहेर तो उभा होता. भारताकडून एकही सामना न खेळलेला माणूस! आपली पाळी न येणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बाकावर बसलेल्या मुलीशी काय बोलावं हे त्याला पुस्तकात शोधावं लागलं नसेल.

त्याचे पाय १९९४ साली फरीदाबादला सगळ्यांनी पाहिले होते. ते कुठल्या दिशेने चालले आहेत, हे मात्र कुणालाच दिसलं नव्हतं. त्यालाही नाही.

असो. पावसाळा सरला की आमच्या किनाऱ्यावर पुन्हा सामने सुरू होतील. कधी डहाणूला आलात तर जरूर बघायला या. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या पलीकडे डाव्या बाजूने धावत येणारा एक सडपातळ पोरगा दिसेल. गोलंदाजी छान टाकतो. सध्या एवढंच.